परिषदेसाठी शोधनिबंधाचा गोषवारा कसा लिहावा? एकदा नाकारला गेला आहे

अंत्रुजकर

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. जत्रेच्या निमित्ताने गावोगावी होणाऱ्या मराठी नाटकांवर गेली तीन वर्षे जमेल तसे काम करीत आहे. आमच्याच गावातील एका घरी जुन्या ट्रंकेत नाटकांची छापील हँडबिले जपून ठेवलेली होती, ती मला पाहायला मिळाली आणि तेथूनच या कामाला सुरुवात झाली. त्यानंतर त्या नाटकांत भूमिका केलेल्या काही वयोवृद्ध कलाकारांच्या मुलाखतीही मी घेतल्या.

गेल्या वर्षी महाराष्ट्रातील एका परिषदेसाठी मी गोषवारा पाठवला होता. "आपला निबंध परिषदेच्या विषयसूत्रात बसत नाही", एवढ्या एका ओळीत त्याला नकार आला. परिषद रंगभूमीवरच होती, त्यामुळे विषय का बसत नाही हे मला आजवर उमगलेले नाही. आता दुसऱ्या एका परिषदेचे निवेदन आले आहे. विषयसूत्र प्रादेशिक रंगभूमी आणि बदलता समाज असे आहे, गोषवारा ३०० शब्दांच्या आत मराठीत आणि इंग्रजीत मागितला आहे, सोबत पाच बीजशब्द द्यायचे आहेत आणि परीक्षण नाव झाकून होणार आहे. सादरीकरणाला प्रश्नोत्तरांसह २० मिनिटे मिळतील.

जुना गोषवारा खाली देत आहे. संकोच न करता दोष दाखवावेत.

"गोव्याच्या सांस्कृतिक जीवनात रंगभूमीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. प्राचीन काळापासून गोमंतकात नाट्यकलेची उज्ज्वल परंपरा चालत आलेली असून येथील मातीने मराठी रंगभूमीला अनेक थोर कलावंत दिले आहेत. पोर्तुगीज राजवटीतही मंदिरांच्या आश्रयाने ही परंपरा टिकून राहिली. जत्रेतील नाटक हे केवळ मनोरंजनाचे साधन नसून समाजप्रबोधनाचे प्रभावी माध्यम आहे. प्रस्तुत शोधनिबंधात गोव्यातील उत्सवी रंगभूमीचा उगम, विकास, स्वरूप, वैशिष्ट्ये, तिच्यातील स्त्रियांचे स्थान आणि बदलत्या काळातील आव्हाने यांचा सखोल अभ्यास करण्यात येणार आहे."

माझ्या मुख्य अडचणी दोन आहेत. संशोधन पूर्ण झालेले नसताना गोषवाऱ्यात निष्कर्ष कसे लिहावेत? आणि गोव्याबाहेरच्या परीक्षकाला पार्श्वभूमी ठाऊक नसणार, तेव्हा ती किती द्यावी?

पर्वरीचे मास्तर

मॅडम, निवड समित्यांवर बसून मी बरेच गोषवारे वाचले आहेत, त्यातले काही चुकीचे नाकारलेही असतील. त्या अनुभवावरून लिहितो. तुम्ही स्पष्ट लिहायला सांगितले आहे, म्हणून थोडे कठोर वाटले तरी चालवून घ्यावे.

तुमच्या गोषवाऱ्यात पाच वाक्ये आहेत आणि पहिली चार तुम्ही लिहिण्याची गरजच नव्हती, कारण ती कोणीही लिहू शकले असते. एक प्रयोग करून पाहा. 'गोव्याच्या' या शब्दाच्या जागी 'विदर्भाच्या' किंवा 'कोकणाच्या' असे घाला, पोर्तुगीजांचे वाक्य तेवढे वगळा आणि पुन्हा वाचा. सगळे जसेच्या तसे लागू पडते. जो मजकूर कुठल्याही प्रदेशाला लागू पडतो, तो वाचून परीक्षकाला तुमच्याकडे काय आहे हे कळायला मार्ग उरत नाही. तुमच्याकडे ट्रंकभर हँडबिले आहेत, ज्या माणसांनी त्या भूमिका केल्या त्यांच्या तोंडच्या हकिगती आहेत, आणि गोषवाऱ्यात या दोन्हींचा उल्लेखसुद्धा नाही! मी परीक्षक असतो तर ही व्यक्ती दोन-तीन ग्रंथ वाचून त्यांचा सारांश सांगणार आहे, असेच समजलो असतो.

पाचव्या वाक्याचा दोष वेगळा आहे. उगम, विकास, स्वरूप, वैशिष्ट्ये, स्त्रियांचे स्थान आणि आव्हाने ही एका प्रबंधाची सहा प्रकरणे झाली. २० मिनिटांतली पाच प्रश्नोत्तरांना सोडली तर हाती १५ उरतात, आणि ऐकणाऱ्याला समजेल अशा बेताने वाचायचे तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे जाता येत नाही. म्हणजे तुमचा वाचायचा मजकूर फार तर १,८०० शब्दांचा असेल. तेवढ्यात सहा प्रकरणे कशी बसणार? अनुभवी परीक्षक हा हिशेब मनातल्या मनात करतो. 'विषयसूत्रात बसत नाही' हे नकाराचे एक सभ्य ठरावीक वाक्य असते, त्याचा शब्दशः अर्थ घेऊन मनस्ताप करून घेऊ नका. विषय बसत होता, पण तुम्ही नेमके काय सांगणार हे दिसत नव्हते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

माझ्या मते सगळ्या गोष्टींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्याजवळच्या साधनांतून ज्याचे उत्तर निघू शकते असा एकच प्रश्न निवडावा आणि तो प्रश्नाच्याच रूपात लिहावा. विषय आणि प्रश्न यांत फरक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या मराठी ख्रिस्ती काव्याचे, म्हणजे 'क्रिस्तपुराणाचे महत्त्व' हा विषय झाला, आणि त्यावर आपल्याकडे भाषणे भरपूर होतात. मात्र १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या त्या ग्रंथाची जुनी छापील प्रत आज मिळत नाही, हस्तलिखितांवर विसंबावे लागते आणि त्यांपैकी लंडनमधील मार्सडन संग्रहातील प्रत देवनागरीत आहे, हे ठाऊक असलेला अभ्यासक 'रोमन लिपीतल्या पाठात जेथे पोर्तुगीज शब्द आहे तेथे देवनागरी प्रतीत कोणता शब्द येतो?' असे विचारतो. हा प्रश्न झाला. दोन पाठ समोर ठेवायचे आणि पाहायचे, १५ मिनिटांत एका सर्गापुरते उत्तर देता येते. परीक्षकालाही ते पटते, कारण काम कसे होणार हे त्याला डोळ्यांपुढे दिसते.

तुमच्या सहा शब्दांपैकी 'स्त्रियांचे स्थान' हा एकच मला जिवंत वाटतो, कारण हँडबिलावर पात्रपरिचय असतो आणि पात्रासमोर कलाकाराचे नाव असते. स्त्रीपात्रासमोर पुरुषाचे नाव कुठल्या वर्षापर्यंत आहे आणि बाईचे नाव पहिल्यांदा केव्हा येते, हे तुमच्या ट्रंकेतूनच कळू शकते. एवढेच मोजा आणि मग लिहायला बसा.

आणखी एक सूचना. हँडबिलावर पुष्कळदा तिथी असते, साल नसते. तसे असेल तर तारखा पडताळून घ्याव्या लागतील. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे पाहता येतात. 'दैनिक गोमन्तक' मार्च १९६२ पासून निघू लागला, तेव्हा मुक्तीनंतरच्या जत्रांच्या बातम्या त्यात शोधणे शक्य आहे. वेळ फार जातो हे मान्य आहे. परंतु 'हस्तपत्रिकांवरील तिथी समकालीन वृत्तपत्रांशी ताडून पाहिल्या आहेत' हे एक वाक्य गोषवाऱ्यात खरेपणाने लिहिता आले, तर त्याचे वजन 'सखोल अभ्यास' या दोन शब्दांपेक्षा कितीतरी अधिक पडते.

पार्श्वभूमीविषयी म्हणाल तर दोन वाक्ये पुरेत. तीही तुमचा प्रश्न समजून घेण्यापुरतीच.

मांडवीकाठ

मास्तरांच्या म्हणण्याशी बहुतांशी सहमत आहे. संशोधन अपुरे असताना निष्कर्ष लिहावेत की नाहीत, या प्रश्नाला मात्र त्यांनी बगल दिली आहे, म्हणून तेवढ्यावर लिहिते.

माझा विषय समाजशास्त्र आहे. आमच्याकडे परिषद आणि गोषवारा यांत सहा-सहा महिन्यांचे अंतर असते, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाचा गोषवारा काम अर्धवट असतानाच लिहिला जातो, आणि परीक्षकांनाही ते ठाऊक असते. तेव्हा 'अभ्यास करण्यात येणार आहे' असा भविष्यकाळ टाळावा आणि आजवर जेवढे दिसले आहे तेवढे वर्तमानकाळात, त्याच्या मर्यादेसह लिहावे. ४० हँडबिले पाहून झाली असतील तर '४० हस्तपत्रिकांच्या आधारे असे दिसते की' असे लिहिण्यात काहीही गैर नाही. पुढे चित्र बदलले तर परिषदेत उभे राहून 'गोषवारा लिहिताना मला असे वाटत होते, उरलेली साधने पाहिल्यावर ते टिकले नाही' असे सांगता येते, आणि माझ्या अनुभवात अशा निबंधांवरच चर्चा सर्वांत चांगली रंगते. न पाहिलेल्या साधनांवरून निष्कर्षाचे आश्वासन देणे मात्र अजिबात नको. ते अंगाशी येते.

नाव झाकून परीक्षण म्हटले की बहुतेकजण गोषवाऱ्याखालचे स्वतःचे नाव काढून टाकतात आणि निश्चिंत होतात. पण तुम्ही वर 'आमच्याच गावातील' असे लिहिले आहे. तसे गोषवाऱ्यात आले आणि सोबत देवस्थानाचे नावही आले, तर गोव्यासारख्या लहान प्रदेशात लेखक कोण हे ओळखायला परीक्षकाला अर्धा मिनिटही लागणार नाही. 'फोंडा तालुक्यातील एक देवस्थान' एवढेच लिहा, नाव सादरीकरणात सांगता येईल. तसेच 'माझ्या पूर्वीच्या लेखात' असे शब्दप्रयोग टाळा. वर्डच्या फाइलमध्ये गुणधर्मांच्या रकान्यात लेखकाचे नाव आपोआप साठवलेले असते, पीडीएफ केली तरी ते पुष्कळदा तसेच राहते, तेही काढून टाकावे लागते. अक्षरे युनिकोडमध्येच असू द्यावीत. आपल्याकडे अजूनही पुष्कळजण जुन्या फाँटमध्ये टंकलेखन करतात, आणि तो फाँट समोरच्याच्या संगणकावर नसेल तर परीक्षकाला निव्वळ चिन्हांचा गुंता दिसतो.

मुलाखतींबाबत एक विचारते. ज्या कलाकारांशी तुम्ही बोललात, त्यांची नावानिशी उल्लेख करण्याला संमती घेतली आहे का? स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांच्या हकिगतींत घरगुती गोष्टी येतात, टोमणे येतात, क्वचित अपमानही येतात. त्या वडीलधाऱ्या माणसाने आपल्याला ओसरीवर बसवून, चहा देऊन सांगितलेले बोलणे परिषदेच्या व्यासपीठावरून वाचून दाखवले जाईल याची त्यांना कल्पना असेलच असे नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी संमती घेतली नसेल तर आता पुन्हा जाऊन घ्या. गोषवाऱ्यात त्याचा अर्ध्या वाक्यात उल्लेख करता आला तर चांगलेच.

सत्तरीचा विद्यार्थी

मूळ प्रश्नाला थोडा समांतर मुद्दा आहे, पण निवेदने पाहताना उपयोगी पडेल. गोषवारा पाठवल्यावर चोवीस तासांच्या आत स्वीकृतीचे पत्र आणि त्यासोबत शुल्क भरण्याचा क्यूआर कोड आला, तर सावध व्हावे. माझ्या बाबतीत असे घडले होते. परिषद 'आंतरराष्ट्रीय' होती, एकाच दिवशी भाषा, वाणिज्य, रसायनशास्त्र आणि योग अशा सगळ्या विषयांचे निबंध होते आणि मला ऑनलाइन सत्रात जेमतेम चार मिनिटे बोलायला मिळाले. प्रमाणपत्र मात्र फारच सुंदर होते.

अध्यापकांना नेमणूक-बढतीसाठी लागणाऱ्या गुणांची ओढ असते, हे समजते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील तक्त्यात सादरीकरणाला परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ७, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ५, राष्ट्रीय पातळीसाठी ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीसाठी २ गुण आहेत. 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला एवढा भाव का आला, याचे उत्तर त्या तक्त्यात बऱ्यापैकी मिळते. आम्हा पीएचडीच्या विद्यार्थ्यांवर २०१६ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन परिषदांत निबंध वाचण्याची अट घातली होती. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत ती राहिली नाही, तरी आपल्या विद्यापीठाने स्वतःचा काही नियम ठेवला आहे का ते ज्याने त्याने तपासावे.

पेडणेकर

परीक्षक गोव्याबाहेरचा असणार असे तुम्ही म्हणता, म्हणून एक धोका दाखवतो. 'जत्रेतील नाटक' असे वाचल्यावर बाहेरच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे दशावतार येतो. आमच्या पेडण्याकडे 'आज काला आहे' म्हटले की सगळ्यांना कळते, परंतु दशावतारी काला आणि तुमच्या अंत्रुज महालातले (फोंड्याकडचे) उत्सवी नाटक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दशावतारी मंडळी गावोगाव फिरते, तिचे कथानक ठरलेले असले तरी संवाद नट ऐनवेळी रचतात. उत्सवी नाटक लिखित संहितेवरून, तालीम मास्तरांच्या हाताखाली महिना-दोन महिने तालमी घेऊन गावातीलच हौशी माणसे बसवतात. स्त्रीपार्टी (स्त्रीभूमिका करणारा पुरुष) हा शब्द दोन्हींकडे असला तरी एकाकडे तो नटाचा व्यवसाय असतो आणि दुसरीकडे गावातल्या एखाद्या शिक्षकाने किंवा दुकानदाराने वर्षातून एकदा घेतलेली भूमिका असते. तुमच्या निबंधाचा सगळा रोख या फरकावर अवलंबून आहे. तेव्हा पार्श्वभूमीची दोन वाक्ये मास्तर म्हणतात तशी द्याच, पण ती पोर्तुगीजांवर न खर्चता या फरकावर खर्च करा.

अंत्रुजकर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. या आठ दिवसांत मी ट्रंकेतली सगळी हँडबिले पुन्हा काढून वर्षवार लावली आणि मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे केवळ स्त्रीपात्रांपुढची नावे मोजली. खरे सांगायचे तर जे दिसले त्याने मी स्वतःच चकित झाले. आजवर मी वर्गात असे सांगत आले होते की, मुक्तीनंतर गावोगावी शाळा निघाल्या, मुली शिकल्या आणि त्यामुळे त्या रंगमंचावर आल्या. माझ्या ट्रंकेतली कागदपत्रे तसे सांगत नाहीत. पहिली सगळी बायकांची नावे गावाबाहेरून बोलावलेल्या अभिनेत्रींची आहेत. गावातली मुलगी बऱ्याच वर्षांनी येते.

मुलाखतींच्या संमतीबाबत मांडवीकाठ ताईंनी विचारले ते योग्यच होते. मी तोंडी विचारले होते, लेखी घेतले नव्हते. पुन्हा सर्वांकडे जाऊन आले. दोघांनी नाव न घालण्याच्या अटीवर होकार दिला आहे. एका आजोबांनी मात्र 'नाव घाल, आणि कुठल्या नाटकात कुठला पार्ट केला तेही घाल' असे बजावून सांगितले.

नवा मसुदा असा आहे.

"हस्तपत्रिकेतील स्त्रीपात्र : फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या उत्सवी नाटकांतील भूमिकावाटप (१९६२ ते १९८५)

गोव्यातील देवस्थानांच्या जत्रोत्सवात गावातील हौशी मंडळी लिखित संहितेवरून मराठी नाटके बसवतात. फिरत्या दशावतारी मंडळींच्या प्रयोगांहून हा नाट्यव्यवहार भिन्न आहे, कारण त्यातील नट, खर्च उचलणारे आणि प्रेक्षक हे बहुतांशी एकाच गावचे असतात. या नाटकांतील स्त्रीभूमिका पुरुषांकडून स्त्रियांकडे केव्हा आणि कोणत्या मार्गाने गेल्या, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी एका देवस्थानाच्या जत्रेतील नाटकांच्या ६३ छापील हस्तपत्रिका (हँडबिले) आणि त्या नाटकांत भूमिका केलेल्या ११ कलाकारांच्या, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती यांचा आधार घेतला आहे. हस्तपत्रिकांवरील पात्रपरिचयातून असे दिसते की, पात्रपरिचयात आढळणारी पहिली १४ स्त्री-नावे बाहेरगावाहून मानधनावर बोलावलेल्या अभिनेत्रींची आहेत आणि गावातील मुलीचे नाव त्यानंतर नऊ वर्षांनी येते. याच काळात हस्तपत्रिकांवरील देणगीदारांची यादी वाढत गेल्यामुळे नाटकाचा खर्च वाढला हे सिद्ध होते. स्त्रीशिक्षणाच्या प्रसारामुळे स्त्रिया रंगमंचावर आल्या, हे प्रचलित स्पष्टीकरण या एका गावापुरते तरी अपुरे ठरते, असे प्रतिपादन निबंधात केले आहे. सहा वर्षांच्या हस्तपत्रिका उपलब्ध झालेल्या नाहीत आणि अभ्यास एकाच देवस्थानापुरता आहे, या मर्यादा लक्षात घेतल्या आहेत.

बीजशब्द : उत्सवी नाटक, गोवा, स्त्रीभूमिका, हस्तपत्रिका, हौशी रंगभूमी"

इंग्रजी भाषांतर करताना 'जत्रा' या शब्दाशी अडले आहे. शब्दकोशात 'फेअर' सापडतो.

पर्वरीचे मास्तर

मॅडम, हा गोषवारा माझ्यापुढे आला असता तर मी तो बाजूला काढून ठेवला असता, आणि स्वीकारण्याच्या ढिगात. 'गोव्या'च्या जागी आता दुसरे काहीही घालता येत नाही. वर्गात इतकी वर्षे सांगितलेली गोष्ट आपल्याच हाताने खोडलीत, याचे विशेष कौतुक वाटते.

एक वाक्य मात्र बदलावे लागेल. 'देणगीदारांची यादी वाढत गेल्यामुळे नाटकाचा खर्च वाढला हे सिद्ध होते.' यातून तसे काही सिद्ध होत नाही. यादी लांबली याचा अर्थ खर्च वाढला असा असेल, किंवा प्रत्येकजण पूर्वीपेक्षा कमी देऊ लागला असाही असेल, किंवा मुंबईला असलेली मंडळी जत्रेला येऊन आपले नाव छापून घेऊ लागली असाही असेल. खर्चाची वही मिळाली तरच त्यावर बोलता येईल. देवस्थान समितीकडे किंवा नाट्यमंडळाच्या जुन्या खजिनदाराच्या घरी अशी वही असण्याचा संभव आहे, विचारून पाहा. तोपर्यंत 'याच काळात हस्तपत्रिकांवरील देणगीदारांची यादी वाढत गेलेली दिसते, तिचा अभिनेत्रींच्या मानधनाशी संबंध आहे का, हे मुलाखतींच्या आधारे तपासले आहे' एवढेच लिहावे. परीक्षक जर तुमच्याच क्षेत्रातला असेल तर तो नेमका याच वाक्यावर बोट ठेवेल.

'प्रचलित स्पष्टीकरण' हेही पाहा. ते कोठे प्रचलित आहे? छापील लेखनात असेल तर निबंधात त्याचा संदर्भ द्यावा लागेल. केवळ आपण वर्गात सांगतो आणि व्याख्यानांत ऐकतो तेवढेच असेल, तर 'सर्वसाधारण समज' असे म्हणावे. माझ्या माहितीत दुसरा पर्याय अधिक खरा आहे.

मांडवीकाठ

इंग्रजीबाबत माझे मत असे आहे की, भाषांतर करूच नये, तोच मजकूर इंग्रजीत नव्याने लिहावा. मराठीतले लांब वाक्य इंग्रजीत तसेच उतरवले की ते लंगडते. 'जत्रा' हा शब्द मूळ रूपातच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'देवस्थानाचा वार्षिक उत्सव' असा अर्थ इंग्रजीत अर्ध्या ओळीत द्या. 'फेअर' म्हटले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फिरते पाळणे आणि खाज्याची दुकाने उभी राहतात. ती जत्रेत असतात हे खरे, पण तुमचा निबंध त्यांच्यावर नाही.

मास्तरांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. मर्यादांच्या शेवटच्या वाक्यावर ते काहीच बोलले नाहीत म्हणजे त्यांना ते मान्य असावे, पण 'या मर्यादा लक्षात घेतल्या आहेत' हे शब्द पोकळ आहेत. सहा वर्षांच्या हँडबिलांची उणीव तुम्ही कशी भरून काढली? मुलाखतींतून, की वृत्तपत्रांतून? तेच लिहा. विशेषतः ती सहा वर्षे सलग असतील आणि पहिल्या अभिनेत्रीच्या आगेमागेची असतील, तर तुमची नऊ वर्षांची मोजणी डळमळीत होऊ शकते.

मुदत केव्हाची आहे? निवेदनात वेळेपुढे 'एओई' अशी अक्षरे असतील तर पृथ्वीवर कोठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत चालू असते, म्हणजे रात्री ११.५९ ची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सायंकाळी ५ वाजून २९ मिनिटांनी संपते. तशी अक्षरे नसतील तर भारतीय वेळच धरावी आणि एक दिवस आधी पाठवून मोकळे व्हावे. शेवटच्या तासाला संकेतस्थळ बसते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीजही.

पर्वरीचे मास्तर

मर्यादांचे वाक्य माझ्या नजरेतून सुटले, ताईंचे म्हणणे मान्य आहे.

अंत्रुजकर

ती सहा वर्षे सलग नाहीत. चार सुरुवातीच्या काळातील आहेत आणि दोन अखेरची. मात्र सुरुवातीच्या चारांपैकी एक वर्ष पहिल्या अभिनेत्रीच्या अगदी आदल्या वर्षाचे आहे. म्हणून परवा पाटोच्या ग्रंथालयात जाऊन त्या वर्षीच्या जत्रेच्या दिवसांतले अंक चाळले. आमच्या गावाच्या नाटकाची तीन ओळींची बातमी सापडली, तीत नाटकाचे नाव आहे, नटांची नाही. मग ज्या आजोबांनी 'नाव घाल' असे सांगितले होते त्यांना फोन केला. त्या वर्षीची नायिका त्यांनी स्वतःच केली होती, आणि नेसलेली नऊवारी कोणाच्या घरून आणली होती हेही त्यांना आठवते. शेवटचे वाक्य आता असे केले आहे : "सहा वर्षांच्या हस्तपत्रिका उपलब्ध नसल्याने त्यांपैकी एका निर्णायक वर्षाचे भूमिकावाटप मुलाखत आणि समकालीन वृत्तपत्रातील बातमी यांवरून निश्चित केले आहे, उरलेल्या वर्षांविषयी विधान केलेले नाही."

देणगीदारांचे वाक्य मास्तरांनी सुचवल्याप्रमाणे बदलले आणि 'प्रचलित स्पष्टीकरण' काढून 'सर्वसाधारण समज' घातले. फाइलमधले नाव पुसले. एकूण शब्द २०० च्या आसपास भरले, वाढवण्याचा मोह आवरला. मुदत रविवारी आहे, आज गुरुवारी दुपारी पाठवून दिला आणि पोच आली. खर्चाची वही जुन्या खजिनदारांच्या माडीवर आहे असे कळले आहे, पण ते सध्या मुलाकडे पुण्याला आहेत आणि चतुर्थीला येणार आहेत. देव बरे करूं.